विश्लेषण : डीएनएसची नोंदवही एआय एजंटच्या हातात, 'जोडा' आणि 'बदला' यांतल्या फरकावर इतकं काय अवलंबून आहे?

२० ऑक्टोबर २०२५. भारतात दिवाळी सुरू होती. दुपारी सव्वाबारानंतर जगभरात अनेकांचं स्नॅपचॅट अडकलं, सिग्नलवरून मेसेज जाईनात, फोर्टनाइट खेळणारे खेळाबाहेर फेकले गेले. आपलं इंटरनेट गेलं असं समजून कित्येकांनी घरातला राउटर बंद करून पुन्हा चालू केला. राउटरचा काही दोष नव्हता. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात ॲमेझॉनच्या डेटा सेंटरमध्ये एका डेटाबेस सेवेचा पत्ता सांगणारी डीएनएस नोंद रिकामी झाली होती. सेवा जागेवर होती, तिच्याकडे जाण्याचा पत्ता तेवढा पुसला गेला होता.

तो कोणा कर्मचाऱ्यानं पुसला नव्हता. ॲमेझॉननं नंतर जाहीर केलेल्या माहितीनुसार, ही नोंद सांभाळण्यासाठी एक स्वयंचलित यंत्रणा होती. तिचा एक भाग पत्त्यांची यादी तयार करायचा आणि दुसरा ती डीएनएसमध्ये चढवायचा. चढवणारे एकाहून जास्त होते. त्यातला एक रेंगाळला आणि त्यानं जुनी यादी नव्या यादीवर लिहिली. तेवढ्यात दुसऱ्यानं साफसफाई करताना 'ही यादी जुनी आहे' असं पाहून ती काढून टाकली. मागे काहीच उरलं नाही. यंत्रणेला स्वतःहून यातून बाहेर पडता येईना, तेव्हा माणसांना हात घालावा लागला. एका रिकाम्या नोंदीतून सुरू झालेली पडझड पूर्ण सावरायला साधारण १५ तास लागले.

ती यंत्रणा ठरावीक नियमांनी चालणारी होती. तिला काय करायचं हे आधीच बारकाईनं लिहून दिलेलं होतं. आता हीच नोंदवही एआय एजंटच्या हातात दिली जात आहे. एजंटला आधीपासून ठरवून दिलेलं फारसं काही नसतं. तो तुमचं वाक्य वाचतो, त्याचा अर्थ लावतो आणि हाताशी असलेल्या टूलची माहिती वाचून पुढे काय करायचं ते ठरवतो. म्हणून त्या टूलच्या माहितीत काय लिहिलं आहे आणि काय लिहायचं राहून गेलं आहे, हा प्रश्न आता फक्त प्रोग्रॅमर मंडळींचा उरलेला नाही.

या नोंदवहीत असतं काय?

संगणक एकमेकांना आकड्यांच्या पत्त्यानं ओळखतात, माणसं नावानं. १९८३ पूर्वी इंटरनेटच्या पूर्वसुरी जाळ्यावरच्या संगणकांची नावं एकाच फाइलमध्ये असायची. कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट ती सांभाळायची आणि नवं नाव टाकायचं तर तिथल्या लोकांना कळवावं लागायचं. संगणक वाढले तशी ही पद्धत अपुरी पडली आणि १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस मांडली. तिची मुख्य कल्पना आजही तीच आहे : ज्याचं डोमेन, त्यानं आपली नोंदवही सांभाळावी.

या वहीत अनेक प्रकारच्या नोंदी असतात. 'ए' नोंद वेबसाइट कोणत्या संगणकावर आहे ते सांगते. 'एमएक्स' नोंद या नावानं येणारं ईमेल कुठे पोचवायचं ते सांगते. 'सीनेम' म्हणजे 'हे नाव म्हणजे ते दुसरं नाव समजा'. 'टीएक्सटी' नोंदीत नुसता मजकूर असतो आणि तिच्याबद्दल पुढे बरंच सांगायचं आहे.

डीएनएसला टेलिफोन डिरेक्टरी म्हणण्याची पद्धत आहे, पण महाराष्ट्रातल्या वाचकाला सातबारा जास्त जवळचा वाटेल. डिरेक्टरीत नंबर चुकला तर फार तर चुकीच्या घरी फोन लागतो. सातबाऱ्यावरचं नाव बदललं तर जमिनीवरचा हक्कच वादात सापडतो. डीएनएसचं तसंच आहे. एमएक्स नोंद बदलली की तुमच्या बँकेनं, ग्राहकानं, वकिलानं पाठवलेलं ईमेल दुसऱ्याच्या दारात जातं, आणि पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

मग अशी वही एजंटला द्यायचीच कशाला?

गरज खरी आहे. डीएनएसच्या नोंदी करणं हे काम किचकट आहे आणि ते वरचेवर करावं लागण्याचे दिवस आले आहेत.

फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी ईमेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५ हजारांहून जास्त ईमेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क अशा तिन्ही व्यवस्था लावाव्या लागतात. कमी ईमेल पाठवणाऱ्यालाही पहिल्या दोनपैकी एक तरी लागतेच. या सगळ्या व्यवस्था डीएनएसच्या नोंदींमधूनच लावल्या जातात. पुण्यातल्या एखाद्या क्लासचालकानं विद्यार्थ्यांना वेळापत्रक पाठवण्यासाठी ईमेल सेवा घेतली, तर ती सेवा त्याला चार ओळी देते आणि 'या तुमच्या डीएनएसमध्ये टाका' असं सांगते. त्या कुठे टाकायच्या हे त्याला माहीत असण्याचं कारण नाही.

दुसरं कारण प्रमाणपत्रांचं. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी सुरक्षिततेची खूण दिसते ती ज्या प्रमाणपत्रामुळे, त्याची मुदत कमी होत चालली आहे. ब्राउझर कंपन्या आणि प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्था यांच्या 'सीए/ब्राउझर फोरम'नं एप्रिल २०२५ मध्ये ठरवलेल्या वेळापत्रकानुसार ३९८ दिवसांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि मार्च २०२९ पासून अवघी ४७ दिवस होणार आहे. वर्षातून एकदा हातानं करायचं काम दीड महिन्यावर येतं, तेव्हा ते यंत्राकडे सोपवण्यावाचून इलाज नसतो.

आणि तिसरं कारण म्हणजे एआयकडून वेबसाइट करून घेणारी माणसं. साइट तासाभरात तयार होते, मग ती आपल्या डोमेनला जोडायची वेळ येते आणि गाडी तिथेच रुतते. 'एवढं केलंस, आता हेही कर' असं एजंटला सांगावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

एजंट नोंद करतो म्हणजे काय करतो?

भाषा समजणारं मॉडेल स्वतः डीएनएसला हात लावू शकत नाही. त्याला टूल द्यावं लागतं. टूल म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम. त्याला नाव असतं, 'हे काय करतं' असं सांगणारं दोन-चार वाक्यांचं वर्णन असतं आणि भरायच्या रकान्यांची यादी असते : डोमेन कोणतं, नोंदीचा प्रकार कोणता, मजकूर काय. मॉडेल हे सगळं वाचतं, रकाने भरतं आणि प्रोग्रॅम ते डोमेन सांभाळणाऱ्या कंपनीकडे पाठवतो. अशी टूल मॉडेलला जोडण्यासाठी अँथ्रोपिक कंपनीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची पद्धत खुली केली. पुढच्या काही महिन्यांत ओपनएआय आणि गुगल यांनीही ती स्वीकारली.

यात एक गोष्ट नवी आहे. आजवर टूलचं डॉक्युमेंटेशन माणूस वाचायचा, किंवा खरं सांगायचं तर वाचायचा नाही. तो एखाद्या जाणकाराला विचारायचा, शंका आली तर थांबायचा. एजंटसमोर मात्र टूलचं वर्णन दर वेळी असतं, आणि त्या टूलबद्दल त्याच्याकडे बहुतेक वेळा तेवढीच माहिती असते. शेजारच्या टेबलावर कुणी अनुभवी माणूस बसलेला नसतो. वर्णनात एखादी अट राहून गेली, तर त्याच्यापुरती ती अट अस्तित्वातच नाही.

'जोडा' की 'बदला'?

डोमेन विकणारी नेमचीप ही मोठी कंपनी आहे. तिच्याकडे प्रोग्रॅममधून डीएनएस नोंदी बदलण्यासाठी एक आज्ञा आहे, 'सेटहोस्ट्स'. तिच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलं आहे की, या आज्ञेबरोबर ज्या नोंदी पाठवल्या नाहीत त्या सगळ्या काढून टाकल्या जातील. म्हणजे एक नोंद जोडायची असेल, तर आधीच्या सगळ्या नोंदी वाचून, त्यात नवी घालून, पूर्ण यादी परत पाठवावी लागते. गोडॅडीकडे दोन्ही सोयी आहेत : 'पॅच' प्रकारची विनंती नोंद जोडते, 'पुट' प्रकारची विनंती आधीचं काढून नवं ठेवते.

आता कुणीतरी नेमचीपच्या त्या आज्ञेवर एजंटसाठी टूल बनवतो आणि वर्णनात लिहितो, 'डोमेनमध्ये डीएनएस नोंद जोडते'. वाक्य सुटसुटीत आहे. पण आत जर फक्त एक नोंद पाठवली जात असेल, तर त्या जोडण्यात वेबसाइटचा पत्ता जाईल आणि ईमेलचाही. एजंटनं सांगितलेलंच केलेलं असेल आणि तो 'नोंद यशस्वीरीत्या जोडली' असं उत्तरही देईल. एका अर्थानं ते खरंही असेल.

टूल बनवणाऱ्यानं काळजी घेऊन आधी वाचायचं, मग पूर्ण यादी लिहायची असं केलं, तरी एक फट उरते. एजंटनं यादी वाचली. त्याच मिनिटाला कार्यालयातल्या कुणीतरी हातानं एक नवी नोंद टाकली. मग एजंटनं आपली, आता जुनी झालेली यादी परत लिहिली. माणसानं टाकलेली नोंद गायब. ॲमेझॉनमध्ये त्या दिवाळीत जे घडलं त्याचीच ही छोटी आवृत्ती.

'जोडा' हे खरोखर नुसतं जोडणं असलं, तरी धोका टळत नाही. एसपीएफचं उदाहरण घेऊ. आपल्या नावानं ईमेल पाठवायची परवानगी कोणकोणत्या सेवांना आहे, हे एसपीएफची टीएक्सटी नोंद सांगते. नियम असा आहे की, एका नावाला अशी नोंद एकच असावी. दोन आढळल्या तर तपासणारा सर्व्हर त्यातली बरी निवडत नाही, तो थेट 'कायमची चूक' असा शेरा मारतो. वरच्या क्लासचालकाकडे गुगलच्या ईमेलसाठी एक एसपीएफ नोंद आधीपासून आहे. नव्या ईमेल सेवेनं दिलेली ओळ तो एजंटला चिकटवून देतो आणि म्हणतो, 'ही जोड'. एजंट जोडतो. वहीत आता दोन एसपीएफ नोंदी झाल्या. नवी सेवा चालू व्हायची राहिली बाजूला, वर्षानुवर्षं सुरळीत जाणारे ईमेलही ग्राहकांच्या स्पॅममध्ये जायला लागतात. कुठेही लाल अक्षरात इशारा येत नाही. आठवड्यानं कुणीतरी फोन करून विचारतं, 'ईमेल पाठवणार होतात ना?'

इथे करायचं होतं ते असं : जुनी नोंद वाचायची, नव्या सेवेचं नाव तिच्यातच घालायचं आणि तपासणीत कराव्या लागणाऱ्या डीएनएस चौकशांची संख्या १० च्या वर जात नाही ना ते पाहायचं. ही सगळी माहिती टूलच्या वर्णनात तीन ओळींत मावते. ती लिहिलेली असली तर चांगलं मॉडेल ती पाळण्याची शक्यता मोठी असते. लिहिलेली नसली तर तो क्लासचालक मॉडेलच्या स्मरणशक्तीच्या भरवशावर असतो.

अशा बारीक गोष्टी या क्षेत्रात बऱ्याच आहेत. नावाच्या शेवटी टिंब द्यायचं की नाही, हीच घ्या. डीएनएसच्या मूळ फाइलमध्ये शेवटचं टिंब नसेल तर नाव अपुरं समजून त्याला डोमेन पुन्हा चिकटवलं जातं. ऑक्टोबर २००९ मध्ये स्वीडनच्या '.एसई' या राष्ट्रीय डोमेनच्या फाइलमध्ये एका स्क्रिप्टच्या चुकीनं हे टिंब गळलं आणि सुमारे ९ लाख स्वीडिश डोमेनचे पत्ते एकाच वेळी कोलमडले. काही कंपन्यांच्या टूलमध्ये टिंब आपोआप लागतं, काहींत स्वतः द्यावं लागतं. कोणत्यात काय, हे लिहिल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

दुसरी गोष्ट वाट पाहण्याची. एखादं नाव अजून नसताना कुणी विचारलं, तर 'असं नाव नाही' हे उत्तरही वाटेतले सर्व्हर काही काळ लक्षात ठेवतात. एजंट नोंद करतो आणि लगेच तपासतो. जुनंच उत्तर येतं. त्याला वाटतं काम झालं नाही, म्हणून तो पुन्हा करतो, किंवा जास्त वाईट म्हणजे काहीतरी वेगळं करून पाहतो. माणूस अशा वेळी चहाला जातो आणि परत येईपर्यंत गोष्ट आपोआप सुटलेली असते. एजंटला 'थांब, आणि तपासायचंच तर डोमेनच्या मूळ सर्व्हरला विचार' हे सांगून ठेवावं लागतं.

'एक साधी टीएक्सटी नोंद तर आहे'

आतापर्यंतच्या चुका निष्काळजीपणाच्या होत्या. हेतुपुरस्सर फसवणुकीचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथे सगळ्यात निरुपद्रवी दिसणारी नोंदच सगळ्यात महत्त्वाची ठरते.

टीएक्सटी नोंदीनं वेबसाइट हलत नाही, ईमेलही हलत नाही. म्हणून तिला 'सुरक्षित' मानण्याकडे कल असतो. पण 'हे डोमेन माझं आहे' हे सिद्ध करण्याची इंटरनेटवरची रूढ पद्धत म्हणजे सांगितलेला मजकूर टीएक्सटी नोंदीत टाकून दाखवणं. गुगलचं सर्च कन्सोल हेच मागतं, मायक्रोसॉफ्ट ३६५ हेच मागतं. लेट्स एन्क्रिप्ट ही मोफत प्रमाणपत्रं देणारी संस्थाही, तिच्या एका पद्धतीत, डोमेनच्या ठरावीक उपनावाखाली टीएक्सटी नोंद दिसली की प्रमाणपत्र देऊन टाकते. म्हणजे ज्याला तुमच्या वहीत ती एक ओळ लिहिता आली, त्याला तुमच्या नावाचं अस्सल प्रमाणपत्र मिळू शकतं.

हा धोका कागदावरचा नाही. २२ जानेवारी २०१९ रोजी अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, सीसानं, तिथल्या सरकारी विभागांना तातडीचा आदेश काढला होता. हल्लेखोर डीएनएस सांभाळणाऱ्या खात्यांचे पासवर्ड मिळवून नोंदी बदलत होते, लोकांचं येणंजाणं स्वतःच्या सर्व्हरवरून वळवत होते आणि त्या नावांची खरी प्रमाणपत्रंही मिळवत होते. ब्राउझरला काहीच वावगं दिसत नव्हतं. सगळ्या नोंदी तपासा, पासवर्ड बदला, दुहेरी पडताळणी लावा आणि आपल्या नावानं निघालेल्या प्रमाणपत्रांवर नजर ठेवा, असं त्या आदेशात होतं. मुदत होती कामाचे १० दिवस.

त्या हल्ल्यात पासवर्ड चोरावे लागले. एजंटच्या बाबतीत कदाचित तेवढेही कष्ट पडणार नाहीत. भाषेची मॉडेल्स मालकानं दिलेली सूचना आणि वाचायला मिळालेल्या मजकुरात दडलेली सूचना यांत खात्रीनं फरक करू शकत नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये सायमन विलिसन या प्रोग्रॅमरनं या दुबळेपणाला 'प्रॉम्प्ट इंजेक्शन' हे नाव दिलं आणि इतक्या वर्षांतही त्यावर पक्का उपाय सापडलेला नाही. समजा, एजंटला तुमचे ईमेल वाचायची मुभा आहे आणि डीएनएस नोंदी करायचीही. 'तुमच्या डोमेनची पडताळणी प्रलंबित आहे, सेवा चालू ठेवण्यासाठी पुढील टीएक्सटी नोंद जोडावी' असं एक ईमेल येतं. माणूसही फसेल असं ते ईमेल आहे. पण माणसाला निदान डोमेनच्या खात्यात लॉगिन करून ती ओळ टाकण्याचे कष्ट पडतात आणि त्या दोन मिनिटांत शंका येऊ शकते. एजंटला तो वेळ लागत नाही.

टूलचं वर्णन स्वतःच सापळा असू शकतं, ही याचीच पुढची पायरी. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्ज या सुरक्षा संशोधन करणाऱ्या कंपनीनं दाखवून दिलं की, टूलच्या वर्णनात वापरकर्त्याला न दिसणाऱ्या सूचना घालून मॉडेलला भलतंच करायला लावता येतं. वर्णन हीच मॉडेलची शिदोरी असेल तर त्यात विष कालवणाराही निघणारच.

लिहून ठेवलं म्हणजे झालं का?

नाही. डॉक्युमेंटेशन चांगलं असावंच, पण त्यालाच कुलूप समजणं ही मोठी गफलत ठरते.

जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कंपनीच्या एआय एजंटनं एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कोणतेही बदल करायचे नाहीत, असं त्याला स्पष्ट बजावलेलं होतं. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली आणि चाचणीचा व खरा डेटाबेस वेगळा ठेवण्याची सोय आणली. महत्त्वाचं ते हे दुसरं. सूचना आणखी ठळक अक्षरात लिहिण्यानं ते सुटणारं नव्हतं. खऱ्या डेटाबेसपर्यंत हात पोचायलाच नको होता.

सातबाऱ्याकडे परत जाऊ. फेरफाराची नोंद तलाठी लिहितो, पण ती प्रमाणित करतो मंडळ अधिकारी, आणि मध्ये संबंधितांना हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. या व्यवस्थेबद्दल तक्रारी कमी नाहीत, पण लिहिणारा आणि मंजूर करणारा वेगळा असावा ही तिची बैठक पक्की आहे. डीएनएसच्या जगात या धाटणीची टूल एआयच्या लाटेआधीपासून आहेत. गिटहबनं २०१७ मध्ये खुलं केलेलं 'ऑक्टोडीएनएस' आधी 'हे हे बदल होतील' असा आराखडा दाखवतं आणि वेगळी आज्ञा दिल्यावरच ते लागू करतं. शिवाय वहीत किमान १० नोंदी असतील आणि एका फटक्यात ३० टक्क्यांहून जास्त बदलल्या किंवा पुसल्या जाणार असतील, तर ते काम करायला सरळ नकार देतं. त्याला पटवायला गोड शब्द चालत नाहीत, कारण तो नियम प्रोग्रॅममध्ये आहे, वर्णनात नाही.

परवानग्यांचंही तसंच. क्लाउडफ्लेअरमध्ये फक्त एका डोमेनच्या डीएनएसपुरतं, ठरावीक मुदतीचं टोकन काढता येतं. तरी घाईत अनेक जण सगळ्या खात्याची मुख्य किल्लीच एजंटला देऊन मोकळे होतात. ॲमेझॉनच्या रूट ५३ या डीएनएस सेवेत तर कोणत्या नावाची, कोणत्या प्रकारची नोंद करता येईल इथपर्यंत बंधन घालता येतं. प्रमाणपत्राच्या नोंदीसाठी एक जुनी युक्ती आहे. पडताळणीचं ते उपनाव सीनेमनं एका वेगळ्या, बिनमहत्त्वाच्या डोमेनकडे वळवायचं आणि यंत्राला फक्त त्या दुसऱ्या वहीची किल्ली द्यायची. मग एजंटला कुणी कितीही भुलवलं तरी तुमच्या एमएक्सपर्यंत त्याचा हात पोचत नाही. हे प्रमाणपत्राच्या नोंदींना मात्र कुंपण घालत नाही, त्यामुळे आपल्या नावानं निघालेल्या प्रमाणपत्रांवर नजर ठेवणं काही चुकत नाही.

मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये टूलवर खुणा लावायची सोय आहे : हे फक्त वाचतं, हे विध्वंसक बदल करू शकतं, हे पुन्हा चालवलं तरी परिणाम तोच राहतो. 'विध्वंसक' ही खूण लावायची राहून गेली तर टूल विध्वंसकच समजावं, असं मानक सांगतं. हे शहाणपणाचं आहे. पण तेच मानक असंही सांगतं की, टूल विश्वासाच्या ठिकाणाहून आलेलं नसेल तर या खुणांवर विसंबू नये. शेवटी ती टूल बनवणाऱ्यानं स्वतःबद्दल दिलेली ग्वाहीच असते.

पुसायचं काम कोणाचं?

नोंदी जोडण्याबद्दल सगळे बोलतात, काढण्याबद्दल फारसं कुणी नाही. एजंटनं एखादी सेवा वापरून पाहण्यासाठी 'चाचणी' नावाचं उपनाव तयार केलं आणि सीनेमनं त्या सेवेकडे वळवलं. महिन्यानं सेवा बंद केली. सीनेम तसाच राहिला. आता त्याच सेवेवर तीच सुटलेली जागा दुसऱ्या कुणी घेतली, तर तुमच्या डोमेनच्या नावाखाली त्याचं पान उघडेल. ही चोरीची जुनी पद्धत आहे, आणि झपाट्यानं नोंदी करणारे एजंट आले की अशा बेवारस नोंदीही झपाट्यानं वाढणार.

भारतात सध्या या गोष्टीला वेगळं वजन आहे. बनावट बँक साइट ओळखता याव्यात म्हणून रिझर्व्ह बँकेनं बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत '.बँक.इन' या राखीव डोमेनवर जायला सांगितलं आणि तिथली नावं देण्याचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे ठेवलं. ग्राहकांना शिकवलं जात आहे की, पत्त्याचा शेवट पाहा आणि विश्वास ठेवा. हे धोरण योग्यच आहे. पण नाव कोणाला द्यायचं ते रिझर्व्ह बँक ठरवू शकते. नाव मिळाल्यावर त्याच्या वहीत रोज काय लिहिलं जातं, ते प्रत्येक बँकेच्या आणि तिनं नेमलेल्या कंत्राटदाराच्या हातात राहतं.

छोट्या डोमेनमालकासाठी यातून निघणारी कामं फार नाहीत. एजंटला वही देण्यापूर्वी सगळ्या नोंदींची प्रत उतरवून ठेवावी. काही कंपन्यांकडे ती एका क्लिकवर मिळते. बदल लागू होण्याआधी 'काय होतं आणि काय होणार' हे दोन्ही दाखव असं सांगावं, आणि ते दाखवण्याची सोय टूलमध्येच नसेल तर ते टूल वापरू नये. ईमेल वाचणारा आणि डीएनएस लिहिणारा एजंट एकच नसावा.

आणि एजंटसाठी टोकन वेगळं काढावं, त्याला नावही तसंच द्यावं. डोमेन सांभाळणाऱ्या कंपनीच्या खात्यात बदलांचा इतिहास राहतो, पण त्यात किल्ली कोणती वापरली तेवढंच उमटतं. तीच किल्ली कार्यालयातला माणूसही वापरत असेल, तर ईमेल बंद पडल्यावर एमएक्सची नोंद कोणी पुसली हे त्या इतिहासावरून कळणार नाही. माणूस म्हणेल मी नाही, आणि एजंटला विचारलं तर तो नम्रपणे माफी मागेल, चूक त्याची असो वा नसो.